वाचकांचे प्रश्न : बिल एक, भरपाई दुसरी

प्रश्न : गेल्या गळीत हंगामात रात्री कागलहून परतताना गोकुळ शिरगावजवळ माझी कार उसाच्या ट्रॉलीला मागून धडकली. ट्रॉलीला मागे दिवा नव्हता, रिफ्लेक्टरही नव्हता. कार साडेतीन वर्षांची, १२०० सीसीची आहे. दुरुस्तीचे बिल ७५,००० रुपये झाले आणि कंपनीने ५३,००० रुपयेच दिले. एजंटाने ‘फुल इन्शुरन्स’ म्हणून पॉलिसी दिली होती, मग उरलेले २२,००० रुपये गेले कुठे? – एक वाचक, कसबा बावडा

उत्तर : ‘फुल इन्शुरन्स’ हा शब्द एजंटाच्या तोंडी असतो, पॉलिसीच्या कागदावर नसतो. त्याचा अर्थ एवढाच, की कायद्याने सक्तीच्या असलेल्या थर्ड पार्टी (आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या होणाऱ्या नुकसानीच्या) विम्याबरोबर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचाही विमा घेतलेला आहे. कंपनी गॅरेजचे बिल भागवत नाही. सर्व्हेअरने, म्हणजे नुकसानीची पाहणी करणाऱ्या तज्ज्ञाने ठरवलेले नुकसान, पॉलिसीतील वजावटी करून, भरून देते. या दोन रकमा जुळल्या तर तो योगायोग समजावा.

आपण पाठवलेल्या बिलाच्या आणि सर्व्हे अहवालाच्या प्रती समोर ठेवून हिशेब केला. बंपर, ग्रिल, हेडलाइट असे प्लास्टिकचे भाग २२,००० रुपयांचे आहेत. प्लास्टिक, रबर, टायर आणि बॅटरी यांवर गाडीचे वय काहीही असले तरी निम्मा घसारा (भाग जुना झाल्याने घटलेली किंमत) कापला जातो, म्हणजे येथे ११,००० गेले. बोनेट, फेंडर आदी पत्र्याच्या भागांचा घसारा मात्र वयावर ठरतो. पहिल्या सहा महिन्यांत तो शून्य असतो आणि दहा वर्षांनंतर ५० टक्क्यांपर्यंत पोचतो. तीन वर्षे उलटलेल्या, पण चार पूर्ण न झालेल्या आपल्या गाडीला २५ टक्के लागू होतात, म्हणून २०,००० पैकी ५,००० कमी झाले. ८,००० रुपयांच्या समोरच्या काचेवर आणि १०,००० रुपयांच्या मजुरीवर काहीच कापलेले नाही, आणि तेच नियमाला धरून आहे. पेंटिंगच्या १२,००० रुपयांत रंगसाहित्याचा वाटा २५ टक्के, म्हणजे ३,००० धरून त्याच्या निम्मे, १,५०० वजा झाले. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीची अनिवार्य वजावट, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये मालकाने स्वतः सोसायची रक्कम, १,००० रुपये असते. जुना बोनेट आणि फेंडर यांचे भंगारमूल्य म्हणून ५०० रुपये धरले आहेत. या सगळ्याची बेरीज १९,००० होते.

उरलेले ३,००० रुपये डाव्या बाजूच्या मागच्या दरवाजाच्या रंगाचे आहेत. खरा वाद येथेच आहे, आणि त्याचे मूळ आपल्याच क्लेम फॉर्ममध्ये सापडते. धडक बसल्यावर गाडी फिरून दुभाजकाला घासली, असे आपण पत्रात लिहिले आहे. फॉर्मवर मात्र ‘उसाच्या ट्रॉलीला मागून धडक’ एवढे चारच शब्द आहेत. त्या चार शब्दांवरून समोरचा बोनेट चेपलेला समजतो, मागच्या दरवाजावरचा ओरखडा समजत नाही, त्यामुळे सर्व्हेअरने तो अपघाताआधीचा मानला. त्या रात्रीचे, दुभाजकासह काढलेले फोटो असतील तर ते जोडून कंपनीच्या तक्रार निवारण विभागाकडे लेखी फेरविचार मागावा. महिन्याभरात उत्तर आले नाही किंवा आलेले पटले नाही, तर विमा लोकपालांकडे जाता येते. कोल्हापूर जिल्हा पुणे कार्यालयाच्या कक्षेत येतो. तेथे शुल्क नाही, वकीलही लागत नाही, मात्र कंपनीच्या नकारानंतर एका वर्षाच्या आत तक्रार करावी लागते.

घसाऱ्याचे १७,५०० रुपये मात्र कोणी परत मिळवून देणार नाही. ते वाचवण्याचा मार्ग ‘झिरो डेप’ हे जोडकलम होता, आणि आपल्या पॉलिसीत ते नाही. एजंटाने त्याविषयी सांगितले नसेल तर तो दोष त्याचा. पण दरवर्षी पॉलिसी हातात येते, तेव्हा तिचे पहिले पान आपणही वाचायला हवे होते, असे नाइलाजाने म्हणावे लागते.

प्रश्न : मंगल कार्यालयाच्या पार्किंगमध्ये कोणीतरी माझ्या गाडीचा मागचा बंपर फोडून गेले. खर्च ६,५०० रुपये सांगितला आहे. क्लेम करावा का? सध्या ३५ टक्के नो क्लेम बोनस मिळतो. – एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : करू नये. नव्या बंपरचे ४,५०० आणि रंगकामाचे २,००० धरले, तर बंपरवर २,२५०, रंगावर २५० आणि अनिवार्य वजावटीचे १,००० जाऊन हाती ३,००० रुपये येतील.

आता दुसरी बाजू पाहू. नो क्लेम बोनसची, म्हणजे क्लेम न केल्याबद्दलची सूट वजा करण्यापूर्वीचा, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा हप्ता ९,००० रुपये आहे असे आपण लिहिता. सोयीसाठी तो पुढेही तेवढाच धरू. क्लेम केला नाही तर पुढच्या वर्षी ४५ टक्के सूट मिळून ४,९५० भरावे लागतील. केला तर सूट शून्यावर येऊन पूर्ण ९,००० भरावे लागतील, म्हणजे ४,०५० जास्त. त्यानंतरच्या वर्षी ५० टक्क्यांऐवजी २० टक्के सूट मिळाल्याने २,७०० आणि तिसऱ्या वर्षी २५ टक्केच मिळाल्याने २,२५० जास्त जातील. तीन वर्षांत ९,००० रुपये घालवून आज ३,००० घेण्याचा हा व्यवहार कोल्हापूरच्या गूळ बाजारात तरी कोणी करणार नाही. फक्त आपल्या पॉलिसीत बोनस राखून ठेवणारे जोडकलम आहे का, ते आधी पाहून घ्यावे. असल्यास हिशेब बदलेल.

प्रश्न : आमच्या गाड्या वडिलांपासून शिवाजी उद्यमनगरातील एकाच मिस्त्रींकडे जातात. त्यांच्याकडे दुरुस्ती केली तर कंपनी पैसे नाकारते का? – एक वाचक, शाहूपुरी

उत्तर : त्या कारणासाठी नाकारत नाही. कंपनीशी करार असलेल्या गॅरेजमध्ये कॅशलेस सोय मिळते. इतरत्र आधी आपण पैसे भरायचे आणि मग कंपनीकडून घ्यायचे, एवढाच फरक आहे. मिस्त्रींना मात्र एक गोष्ट बजावून सांगा : सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत गाडी खोलायची नाही. उद्यमनगरातले कारागीर हाताने इतके चपळ, की सकाळी गाडी दिली तर दुपारी बंपर उतरलेला असतो आणि संध्याकाळी फुटके तुकडे भंगारवाल्याकडे पोचलेले असतात. मग सर्व्हेअरला दाखवायचे काय? गाडी खोलल्यावर आतला रेडिएटर किंवा सपोर्ट वाकलेला आढळला, तर काम थांबवून त्याला पुन्हा बोलवावे आणि वाढीव एस्टिमेट द्यावे. जुने भाग अंतिम तपासणी होईपर्यंत जपून ठेवावेत. बिल पक्के, जीएसटी क्रमांकाचे असावे आणि त्यात सुटे भाग, मजुरी व रंग यांच्या रकमा वेगवेगळ्या दाखवलेल्या असाव्यात. ‘सर्व कामाचे मिळून’ अशी एकच रक्कम लिहिलेली असेल, तर कशावर किती घसारा कापायचा हे सर्व्हेअर आपल्या अंदाजाने ठरवील, आणि तो अंदाज आपल्या बाजूने असेलच असे नाही.