डॅलसचे १ लाख २० हजार की मॅनहॅटनचे १ लाख ५५ हजार?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डॅलसजवळच्या प्लेनोतल्या ऑफिसची ऑफर वर्षाला १ लाख २० हजार डॉलरची, न्यू यॉर्क शहरातल्या मॅनहॅटनमधल्या ऑफिसची १ लाख ५५ हजारांची. बायको एच-४ वर (एच-१बी धारकाच्या जोडीदाराच्या व्हिसावर) येणार, मुलगी तीन वर्षांची. शहरांचा राहणीखर्च ताडून बघणाऱ्या ऑनलाइन कॅल्क्युलेटरमध्ये शहरं टाकली की उत्तर येतं, डॅलस. तुमच्या प्रश्नाला इथे आलेल्या बहुतेक प्रतिसादांतही तेच आहे. मला ते पटत नाही. पहिली दोन-तीन वर्षं हडसन नदीपलीकडे, न्यू जर्सी राज्यातल्या जर्सी सिटीत राहून मॅनहॅटनला जा-ये करणं तुम्हाला जास्त परवडेल असं माझं मत आहे. अट एकच, गाडी घ्यायची नाही.

आधी कॅल्क्युलेटरबद्दल. बरेचसे कॅल्क्युलेटर सी-टू-ई-आर या संस्थेच्या राहणीखर्चाच्या निर्देशांकावर चालतात. त्यात मॅनहॅटन, ब्रुकलिन आणि क्वीन्स वेगवेगळे मोजलेले असतात. तुम्ही न्यू यॉर्क टाकता आणि अनेकदा मॅनहॅटनचा आकडा समोर येतो. त्यात घर विकत घेण्याचा खर्चही धरलेला असतो. तुम्ही मॅनहॅटनमध्ये राहणार नाही आणि घरही आत्ता घेणार नाही, मग त्या आकड्याला घाबरायचं कशाला?

आता हातात किती पडतं ते बघू. २०२५ चे दर, नवरा-बायकोचं एकत्र रिटर्न, स्टँडर्ड डिडक्शन, आणि ४०१-के (निवृत्तीची बचत), आरोग्य विम्याचा हप्ता व मुलीची करसवलत बाजूला ठेवून. टेक्सासमध्ये राज्याचा आयकर नाही. फेडरल कर आणि सोशल सिक्युरिटी-मेडिकेअर कापून १ लाख २० हजारांतले साधारण १ लाख हातात येतात. न्यू यॉर्क शहरात राहिलात तर राज्याचा कर अधिक शहराचा वेगळा आयकर, असे आणखी १२ हजारांवर जातात आणि १ लाख १३ हजारांच्या आसपास उरतात. म्हणजे कागदावरचा ३५ हजारांचा फरक हातात येईपर्यंत १३ हजार होतो. पण शहराचा आयकर फक्त रहिवाशांना लागतो. हडसन ओलांडून जर्सी सिटीत राहिलात की सुमारे ५ हजार वाचतात आणि फरक १८ हजारांवर जातो. राज्याचा कर मात्र न्यू यॉर्कलाच भरावा लागेल, घरून काम केलेल्या दिवसांचाही सहसा तिथेच. न्यू जर्सी त्याचं क्रेडिट देतं, त्यामुळे दुहेरी भुर्दंड नाही.

यातलं बरंचसं भाडं खातं. प्लेनो-फ्रिस्कोकडे चांगलं दोन बेडरूमचं अपार्टमेंट महिन्याला दोन हजारांच्या आसपास मिळतं, जर्सी सिटीतल्या जर्नल स्क्वेअरजवळ तीन ते साडेतीन हजार धरा. वर्षाचे १५-१६ हजार गेले. इथवर दोन्ही ऑफर जवळपास सारख्या झाल्या आणि इथेच बहुतेकांचं गणित थांबतं.

खरा फरक गाडीत आहे. शिकागोच्या सेंटर फॉर नेबरहुड टेक्नॉलॉजीने घर आणि प्रवास यांचा खर्च एकत्र मोजण्याची पद्धत रूढ केली. दोन्ही मिळून उत्पन्नाच्या ४५ टक्क्यांच्या आत असेल तर परवडतं, असा त्यांचा निकष आहे. नुसतं भाडं उत्पन्नाच्या ३० टक्क्यांत हवं, या निकषापेक्षा मला हा कितीतरी प्रामाणिक वाटतो. कामासाठी वापरलेल्या गाडीला आयआरएसने (अमेरिकेच्या कर खात्याने) २०२५ साठी मैलामागे ७० सेंट हा दर धरला होता. त्यात पेट्रोल, विमा, देखभाल, घसारा सगळं आलं. वर्षाला १२ हजार मैल म्हणजे ८,४०० डॉलर, एका गाडीचे. तुम्ही नवे, क्रेडिट हिस्टरी नाही आणि भारतात चालवलेली वर्षं विमा कंपन्या सहसा धरत नाहीत, म्हणजे सुरुवातीचा हप्ता जास्तच बसेल. आणि प्लेनोत एका गाडीवर भागत नाही. नवरा गाडी घेऊन ऑफिसला, आणि जुलैच्या १०० अंश फॅरेनहाइट उन्हात बायको-मूल अपार्टमेंटमध्ये अडकलेले, अशी कुटुंबं मी जवळून पाहिली आहेत. एच-४ वर कामाचा परवाना २०१५ पासून मिळतो, पण सहसा तुमचं आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर झाल्यावरच. तोपर्यंत तिला घराबाहेर पडता येणं ही चैन नाही, गरज आहे. तेव्हा दुसरी गाडी कमी चालेल असं धरूनही दोन गाड्यांचे वर्षाला १२ ते १४ हजार धराच.

जर्नल स्क्वेअरहून पाथ ट्रेनने थेट मॅनहॅटनच्या ३३व्या रस्त्याला किंवा वर्ल्ड ट्रेड सेंटरला उतरता येतं. महिन्याचे दीडशे डॉलरच्या आसपास, तेही कंपनीत कम्यूटर बेनिफिट (प्रवासखर्चाची करसवलत) असेल तर करापूर्वीच्या पगारातून. वाणसामानासाठी न्यूअर्क अ‍ॅव्हेन्यूवरचा इंडिया स्क्वेअर चालत जाण्यासारखा आहे. बायको पहिल्या आठवड्यापासून एकटी हिंडू शकेल.

मुलीचा मुद्दा कुणीच काढला नाही, म्हणून सविस्तर लिहितो. न्यू जर्सीत अ‍ॅबट या शाळा-निधीच्या खटल्याच्या १९९८ च्या निकालानंतर ३१ शाळा-जिल्ह्यांत ३ आणि ४ वर्षांच्या मुलांना पूर्ण दिवसाची मोफत बालवाडी आहे. जर्सी सिटी त्यांपैकी एक, एडिसन नाही. ओळखीचे सगळे एडिसनला राहतात म्हणून तिकडे घर बघायला जाल, तर मोफत बालवाडीची अशी हमी नाही, गाडी आलीच आणि वर एनजे ट्रान्झिट रेल्वेचा महागडा मासिक पास. मग मी म्हणतो तो फायदा संपला.

टेक्सासमध्ये मोफत प्री-के (बालवाडी) सरसकट नाही, निकषांत बसणाऱ्या मुलांनाच आहे. पण त्यातला एक निकष, मुलाला इंग्रजी बोलता-समजता न येणं, हा आहे. घरी फक्त मराठी बोलणारी मुलगी भाषेच्या चाचणीनंतर त्यात बसू शकते, मग तुमचा पगार कितीही असो. चार वर्षांच्या पात्र मुलांना तिथे पूर्ण दिवस मिळतो. तीन वर्षांच्या मुलांसाठी मात्र त्या शाळा-जिल्ह्यात सोय आहे का ते विचारावं लागेल. खाजगीत महिन्याला हजार-दीड हजार डॉलर सहज जातात, म्हणून डॅलसला गेलात तर हे जरूर विचारा.

डॅलस केव्हा? घर घ्यायचं ठरलं आणि कुटुंब वाढलं की. त्यातही टेक्सासचा आयकर नाही म्हणून हुरळून जाऊ नका, प्रॉपर्टी टॅक्स तिथे जबर आहे. दर वसंतात घराच्या मूल्यांकनाची नोटीस येते. घराची किंमत जास्त लावली असेल तर साधारण १५ मेच्या आत प्रोटेस्ट (हरकत अर्ज) करायचा, हे तिथले जुने लोक चुकवत नाहीत. राहत्या घराचं करपात्र मूल्य वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही, एवढा दिलासा. गारपिटीने छप्पर गेलं तर विम्याचा डिडक्टिबल (नुकसानीतली स्वतः भरायची रक्कम) सहसा घराच्या विमा रकमेच्या टक्क्यांत असतो, तोही पॉलिसीत वाचून घ्या.

प्रतिसादांत शिकागो सुचवणाऱ्यांशी मी बराचसा सहमत आहे. सपाट ४.९५ टक्के आयकर, किनाऱ्यावरच्या शहरांपेक्षा कमी भाडं आणि गाडीशिवाय जगता येईल अशा ट्रेन. मोठ्या शहरांत मध्यम पगाराला तेच मला सर्वांत परवडणारं वाटतं, पण तुमच्याकडे तिथली ऑफर नाही. ह्यूस्टन डॅलससारखंच, फक्त साध्या घरविम्यात पूर येत नाही, २०१७ च्या हार्वे वादळात कित्येकांना ते घरात पाणी शिरल्यावर कळलं. कॅलिफोर्नियातल्या बे एरियात (सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात) या पगारात एकट्या कमावत्या माणसाने कुटुंब नेऊ नये.

हे सगळं उलटवू शकेल असे दोन आकडे अजून तुमच्याकडे नाहीत. दोन्ही कंपन्यांना कुटुंबाच्या आरोग्य विम्याचा मासिक हप्ता आणि डिडक्टिबल लेखी विचारा. कंपन्या-कंपन्यांत यात वर्षाला सात-आठ हजारांचाही फरक पडू शकतो. ऑफिसला आठवड्यात किती दिवस जायचं तेही विचारा. उत्तरं आली की इथे टाका, तुमच्या आकड्यांवर पुन्हा मांडून देतो.