मायग्रंट कुटुंबांतल्या अपंगांसाठी वॉलंटियरिंग, नक्की काय करावं लागतं?

तुम्ही विचारलंय की मेलबर्नमध्ये स्टुडंट व्हिसावर आहे, मायग्रंट कुटुंबांतल्या अपंग लोकांसाठी काम करणाऱ्या संस्थेत वॉलंटियरिंग करायचंय, मेडिकलमधलं काही कळत नाही, नुसतं मराठी-हिंदी येतं, तर चालेल का. चालेल की! तेच तर हवं असतं त्यांना.

मी दीड वर्ष शनिवारी जायचे. आधी कागदपत्रं उरकून घ्या, पोलिस चेक मागतातच, मुलांबरोबर काम असेल तर वर्किंग विथ चिल्ड्रन चेक, तो व्हिक्टोरियात वॉलंटियरला फुकट मिळतो. संस्था ना-नफा असेल आणि काम खरंच बिनपगारी असेल तर ते स्टुडंट व्हिसाच्या पंधरवड्याला ४८ तास कामाच्या मर्यादेत धरत नाहीत. (वॉलंटियरच्या नावाखाली कोणी धंद्यात राबवून घेत असेल तर सरळ पळ काढा.)

उचलणं, आंघोळ घालणं, औषधं देणं आमच्याकडे नव्हतं, ते पगारी ट्रेन्ड लोक करायचे. आम्ही पत्ते खेळायचो, ट्रेनने सोबत जायचो, सरकारी पत्र आलं की काय लिहिलंय ते सांगायचो, आणि एनडीआयएसच्या (अपंगांना मदतीसाठी पैसे देणारी सरकारी योजना) मीटिंगआधी घरच्यांबरोबर बसून तयारी करून घ्यायचो. खरी मेख इथेच आहे.

एनडीआयएस ही २०१३ च्या कायद्याने आलेली योजना, अर्ज वयाच्या ६५ च्या आत करायचा, आणि साधारणपणे सिटिझनशिप किंवा पीआर (कायम राहण्याचा परवाना) लागतो. नुसतं आजाराचं नाव सांगून भागत नाही, रोजच्या जगण्यात त्या माणसाला स्वतःहून काय जमतं काय नाही ते बघतात. आणि आपल्याकडच्या आया काय सांगणार? एका काकूंना विचारलं, मुलगा कपडे स्वतः घालतो का, तर "हो, सगळं स्वतःचं स्वतः करतो हो तो." मुलगा २२ चा. मी तसंच वहीत लिहिलं. निघताना तो जॅकेट घालायला उभा राहिला तर काकूंनी माझ्याशी बोलता बोलताच बाही धरली, चेन लावली, वाकून बूट सरळ करून ठेवले, डावा डावीकडे, आणि आपण हे केलं हे त्यांच्या गावीही नाही. पुढच्या वेळी मी विचारलं, तुम्ही चार दिवस बाहेरगावी गेलात तर? त्या जरा वेळ गप्पच. मग म्हणाल्या, "मी जातच नाही ना कुठे." मग सकाळी उठल्यापासून कोण काय करतं ते एकेक लिहीत गेलो, दोन पानं भरली.

प्रत्यक्ष मीटिंगमध्ये दुभाष्याचं काम मात्र अंगावर घेऊ नका, टीआयएसचा (सरकारी दुभाषी सेवा) १३१ ४५० नंबर २४ तास चालू असतो, एनडीआयएससाठी दुभाष्या फुकट मिळतो. मी एकदा शहाणपणा केला, मुलगा चिडला की काय करतो ते काकू सांगत होत्या आणि मलाच ओशाळं वाटून मी इंग्लिशमध्ये ते पार मिळमिळीत करून टाकलं. नुकसान त्यांचं.

आणि हो, ज्याचं काम आहे त्याच्याशी बोला. तीन भेटी झाल्या तरी मी त्या मुलाला थेट काही विचारलंच नव्हतं. चौथ्या वेळी विचारलं तर म्हणाला, "चेन येते मला लावता, वेळ लागतो, आई थांबत नाही." तेही लिहिलं मग वहीत, काकूंसमोरच.