विमानाचं अंतर आणि घड्याळाचा हिशेब: वाचकांचे प्रश्न

जळगाव ते मुंबई हवाई अंतर ३५५ किलोमीटरच्या आसपास, मग विमानाच्या वेळापत्रकात सव्वा तास का धरतात? (जळगाव)

आपल्याकडे रेल्वेचं ४२० किलोमीटर तोंडपाठ असतं. रूळ चाळीसगाव, मनमाड करत कसारा घाटातून उतरतात; विमानाला ती वळणं नाहीत, म्हणून अंतर घटतं. छोट्या गावांना येणारं एटीआर जातीचं पंख्याचं विमान वर गेल्यावर ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास धावतं. नुसता भागाकार केला तर पाऊण तासही होत नाही. पण वेळापत्रकातला वेळ विमान जागेवरून हललं की सुरू होतो आणि मुंबईत जागेवर उभं राहिलं की संपतो. धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं, उतरणं हे सगळं त्यात आलं. शिवाय मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. रांग लागली की विमान आभाळातच घिरट्या घालतं.

धुळ्याहून मुंबईला जायला जळगावचं विमान परवडेल का? (धुळे)

भाऊ, पैशाचं तुम्ही बघा, मी वेळेचं सांगतो. मुंबई तुमच्या नैऋत्येला आणि विमान पकडायला तुम्ही पारोळा, एरंडोल करत नव्वदेक किलोमीटर पूर्वेला जाणार. तिथवर दोन तास. विमानतळावर निदान तासभर आधी पोचायचं. सव्वा तास विमानाचा. मुंबईत सामान घेऊन बाहेर पडायला अर्धा-पाऊण तास. झाले पाच तास, आणि अजून तुम्ही सांताक्रूझलाच आहात! आग्रा रोडने घरून निघालात तर सहा-सात तासांत थेट मुक्कामी पोचता. वाचतो तो तास-दीड तास, आणि विमान उशिरा सुटलं तर तोही गेला. मुंबईसाठी मी तुम्हाला रस्ताच सांगेन. दिल्लीला जायचं असेल तर ओझरचं विमान बघा, ते तुमच्या वाटेवरच आहे. नंदुरबारकरांनी असाच हिशेब सुरतेचा करावा. ताप्ती व्हॅलीची गाडी तिकडेच जाते.

मुलगा दुबईला असतो. तिकिटावर जाताना पावणेदोन तास दिसतात, येताना साडेचार! परतीचं विमान इतकं हळू का येतं? (अमळनेर)

ताई, विमान हळू येत नाही. तिकिटावर सुटायची वेळ तिथली आणि पोचायची वेळ इथली असते. दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. जाताना पावणेदोनात दीड मिळवा, सव्वातीन तास होतात. येताना साडेचारातून दीड वजा करा, तीन उरतात. म्हणजे परतीचं विमान उलट लवकर येतं. फार उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, विशेषतः हिवाळ्यात. ते येणाऱ्या विमानाला मागून रेटतात. मुलाला आणायला निघाल मुंबईला, तेव्हा तिकिटावरची पोचायची वेळ बघा, ती आपल्याच घड्याळाची आहे.

मुंबई–न्यूयॉर्क विमान नकाशावर सरळ पश्चिमेला न जाता उत्तरेला का वळतं? वर्गात मुलं विचारतात. (भुसावळ)

सर, नकाशा सपाट आहे, पृथ्वी नाही. शाळेतला पृथ्वीगोल घ्या आणि मुलांकडून दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून घ्या. दोरा आपोआप वर सरकून आइसलँडच्या जवळून जाईल. हाच सर्वांत जवळचा मार्ग, साधारण १२,५०० किलोमीटरचा. प्रत्यक्षात वारे आणि बंद हवाई हद्दी पाहून वैमानिक त्यातून थोडे इकडेतिकडे होतात.