पीजीच्या पहिल्या वर्षात दिवस गेले, सीट सोडू का?

"मॅडम, मला दिवस गेलेत. सीट सोडू का?"

जळगावच्या माझ्या खोलीत येऊन बसल्यावर तिने पहिलं वाक्य हेच बोललं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) माहेर अमळनेर तालुक्यातलं, कापूस पिकवणारं. सासर पारोळ्याकडचं. ती जेआर वन, म्हणजे एमबीबीएसनंतरच्या पदव्युत्तर (पीजी) शिक्षणाच्या पहिल्या वर्षाची निवासी डॉक्टर. चौथा महिना लागला होता आणि नवऱ्याखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. एका सीनियरने दुसऱ्याच मुलीबद्दल म्हटलेलं तिच्या कानावर पडलं होतं, "मूलच हवं होतं तर सीट कशाला अडवली?" तेव्हापासून सैल एप्रन घालायचा आणि उलटी आली की आवाज जाऊ नये म्हणून ड्युटी रूमचा नळ सोडून ठेवायचा, असं चाललं होतं.

हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या तोंडून येतो. पूर्वी सरकारी एमबीबीएससाठी खान्देशात धुळ्याचंच कॉलेज होतं. 2018 मध्ये जळगावला आणि 2020 मध्ये नंदुरबारला सरकारी कॉलेज सुरू झालं. 2024-25 पासून 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना, प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झाला असेल तर, शिक्षण आणि परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत आहे. शेतकऱ्यांच्या मुली आता डॉक्टर होताहेत, याचा मला फार आनंद आहे. पण रेसिडेन्सीचं, म्हणजे निवासी डॉक्टरांच्या कामाचं, वेळापत्रक अजूनही घरी कुणी वाट पाहत नाही असं धरूनच आखलं जातं, आणि त्याचा राग येतो.

मी तिला विचारलं, "चौथ्या महिन्याची बाई ओपीडीत आली, रात्रपाळी करून दुसऱ्या दिवशीही दुपारपर्यंत उभी होते म्हणाली, तर काय सांगशील?"

ती बराच वेळ रडली. मी रडू दिलं.

नियमांकडे आम्ही दुसऱ्या भेटीत आलो. घाबरलेल्या माणसापुढे आधी कागद ठेवला तर तो वाचलाच जात नाही, हे मी अनुभवाने शिकले आहे. पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणाच्या 2023 च्या नियमावलीत महिला विद्यार्थ्यांना शासकीय नियमांप्रमाणे प्रसूती रजा दिलेली आहे. महाराष्ट्र शासनाच्या महिला कर्मचाऱ्यांना ती 180 दिवसांची असते. बुडालेले दिवस टर्म वाढवून भरून द्यावे लागतात, त्यामुळे परीक्षा आपल्या बॅचबरोबर होईलच असं नाही. ते दुःख खरं आहे आणि मी ते लहान करून सांगितलं नाही. पण सीट जात नाही. ही गोष्ट तिला एमबीबीएसपासून आजवर कुणी सांगितलीच नव्हती!

मग आम्ही अर्जाचा मसुदा केला. विभागप्रमुखांना अर्ज, डीन कार्यालयाला प्रत, दोन्हीकडून पोच. सोबत डॉक्टरचा दाखला आणि अपेक्षित तारीख. "कृपा करून" हे शब्द तिने तीनदा लिहिले होते, मी दोन खोडायला लावले. रात्री एकटीला फार जड झालं तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत नंबरही मोबाइलमध्ये सेव्ह करून दिला.

सासूला सांगायची तिला सगळ्यात जास्त भीती होती. सांगितल्यावर सासूबाई आधी भडकल्या, इतके दिवस लपवलं म्हणून. मग म्हणाल्या, "पोरी, मी शे ना." बाळ तीन महिन्यांचं झाल्यावर त्या कॉलेजजवळच्या भाड्याच्या खोलीत राहायला आल्या, पीठ, डाळी आणि डिंकाचे लाडू घेऊन. सगळ्यांना अशी सासू मिळत नाही. ज्यांना मिळत नाही त्यांच्यासाठी पाळणाघर हवंच, आणि ते मागायला मी प्रत्येकीला सांगते.

गेल्या महिन्यात तिचा फोन आला. कामावर रुजू झाली आहे, बॅच पुढे गेली आहे, थिसिस अर्धा राहिलाय. ड्युटीवर दूध काढून ठेवायला आडोशाची जागा नाही, लिनन रूममध्ये उभं राहावं लागतं. दोन ज्युनिअर मुलींसह तिने एका खोलीची मागणी लिहून दिली आहे. अर्ज मला वाचून दाखवला. त्यात "कृपा करून" एकदाही नव्हतं.