वाचक विचारतात : केळं सडलं, मग कलाकृती उरली कुठे?

प्रश्न : भिंतीला टेपने चिकटवलेलं केळं १ लाख २० हजार डॉलरला विकलं गेलं. आठवड्यात सडणारी वस्तू! घेणाऱ्याच्या हाती काय लागलं? आणि असल्या कामांकडे पाहायचं तरी कसं?

उत्तर : हाती लागलं प्रमाणपत्र आणि लेखी सूचना. इटालियन कलाकार मौरिझिओ कातेलानचं हे काम २०१९ मध्ये मायामीत मांडलं गेलं. केळं जमिनीपासून १७५ सेंटिमीटरवर लावायचं आणि खराब होऊ लागलं की बदलायचं, असं सूचनांमध्येच आहे. त्यामुळे एकाने ते सोलून खाल्लं तरी दुसरं लावून काम भागलं. थट्टा झकास आहे, पण एकदा कळली की संपते, असं आमचं मत.

ब्रिटिश कलाकार डेमियन हर्स्टने द्रावणाच्या टाकीत मांडलेल्या मृत शार्कचं (१९९१) नेमकं उलटं. तिथे वस्तू टिकायला हवी होती. पण फॉर्मल्डिहाइड, म्हणजे मृत शरीर टिकवणारं औषध, अंगात नीट टोचलंच नव्हतं. एवढं मोठं जनावर नुसतं द्रावणात बुडवलं, तर औषध खोलवर मुरण्याआधीच आतून कुजू लागतं. टाकीतलं द्रावण गढूळ झालं, कातडीला सुरकुत्या पडल्या. १९९३ मध्ये कातडी सोलून फायबरग्लासच्या साच्यावर चढवली, तर शार्कचा दराराच गेला. अखेर २००६ मध्ये दुसरा शार्क आणला, या वेळी अंगात औषध टोचून. कल्पना तीच म्हणून काम तेच, ही हर्स्टची बाजू. ती सगळ्यांना पटलेली नाही.

पाहताना आधी शेजारच्या फलकावरची, काम कशाचं बनलंय ते सांगणारी साहित्याची ओळ वाचा. मग मनातल्या मनात ते साहित्य बदलून पाहा. फेलिक्स गोन्झालेझ-टोरेस या कलाकाराने १९९१ मध्ये रंगीत कागदांतल्या गोड गोळ्यांचा ढीग मांडला. आदर्श वजन १७५ पौंड, म्हणजे सुमारे ७९ किलो. त्याचा जोडीदार रॉस त्याच वर्षी एड्सने गेला होता; हा ढीग म्हणजे रॉसचंच व्यक्तिचित्र. प्रेक्षक गोळ्या उचलतात, ढीग झिजतो, संग्रहालय तो पुन्हा भरू शकतं. गोळ्यांच्या जागी खडे ठेवा, कोणी उचलणार नाही, झिजणंही नाही. म्हणजे इथे साहित्य शोभेचं नाही. केळ्याच्या जागी काकडी लावली तर किती बिघडेल, हे तुम्हीच ठरवा.

प्रश्न : त्या गोळ्या खरंच खायच्या?

उत्तर : हो, खाल्ल्या तरी चालतात. मात्र फलकावर तसं लिहिलेलं नसेल तर आधी दालनातल्या कर्मचाऱ्याला विचारा. दुसऱ्या कुणाच्या ढिगाला हा नियम लागू नाही.