निकॉन डी५६०० कॅमेऱ्यासाठी जुनी ५० मिमी एफ/१.८डी लेन्स स्वस्तात मिळतेय, घ्यावी की नवी १.८जी?

१.८जी घ्या. डी५६०० च्या बॉडीत (लेन्स सोडून उरलेल्या कॅमेऱ्यात) फोकस मोटर नाही आणि १.८डी लेन्समध्येही नाही. त्यामुळे ऑटोफोकस होणारच नाही. व्ह्यूफाइंडरमधला, फोकस जुळल्यावर लागणारा हिरवा ठिपका बघत हाताने रिंग फिरवत बसावं लागेल. एफ/१.८ ला, म्हणजे अपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत घेणारं छिद्र) पूर्ण उघडं असताना, पळणारं पोर टिपायचं तर विसराच. १.८जी ही एएफ-एस आहे, मोटर लेन्समध्येच. तीही वापरलेली घेतलीत तर बरेच पैसे वाचतात. मात्र या बॉडीचा सेन्सर छोटा, त्यामुळे ५० मिमी तिच्यावर ७५ मिमीसारखी वागते, म्हणजे फोटोत दृश्य कमी मावतं. घरात, छोट्या खोलीत फोटो काढायचे असतील तर ३५ मिमी एफ/१.८जी डीएक्स (अशाच छोट्या सेन्सरसाठीची लेन्स) जास्त कामाची.

पुढे डी७२०० सारखी मोटरवाली बॉडी घेणार असाल तर १.८डी उत्तम सौदा. तिची अपर्चर रिंग २२ वर (सर्वात लहान छिद्रावर) लॉक ठेवायची, नाहीतर स्क्रीनवर ‘एफईई’ येतं आणि लोक लेन्स बिघडली म्हणून दुकान गाठतात!

जुनी लेन्स घेताना दोन्ही झाकणं काढा, अपर्चर पूर्ण उघडा आणि मागून मोबाइलचा टॉर्च मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत हे नेहमीचंच. बुरशीने काच खरवडली गेली असेल तर साफ करूनही डाग जात नाही, आणि सफाईचा खर्च कधीकधी लेन्सच्या किमतीएवढा. अपर्चरच्या पात्यांवर तेल दिसलं तरी सोडून द्या. पाती अडखळतात, फोटो जास्त उजळ येतात. धुळीचे चार कण मात्र चालतात.