पहिली-दुसरीच्या मुलांना पानगळीतली पानं काढायला कशी शिकवावी?

आधी मधली शीर काढून घ्या, कडा सगळ्यात शेवटी. मी शाळेत चित्रकला शिकवते. मुलं कडेपासून सुरू झाली की शिरा नंतर कशाबशा कोंबतात, शीर आधी आली तर पानाचा बाक आपसूक जमतो. आपल्याकडे थंडीत लाल होऊन गळणारं देशी बदामाचं पान यासाठी उत्तम: मोठं, ठसठशीत शिरांचं. ते पालथं ठेवून वर पातळ कागद धरा, मेणखडू आडवा घासा. शिरांची जाळी उमटताना मुलं अक्षरशः हरखतात. रंग पिवळा, मग नारिंगी, मग लाल. शिरांलगत थोडा हिरवा राहू द्या, बऱ्याच पानांत हरितद्रव्य तिथून उशिरा जातं. मात्र पान कडक वाळलेलं नको, घासताना त्याचा चुरा होतो.